रावेन्नाचं मीठ

घरात जाड्या मिठाची पिशवी फोडली, की तो ओलसर वास मला पनवेलच्या शाळेत नेतो. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, आणि मी नवाकोरा भूगोलाचा मास्तर होतो. इटलीतल्या रावेन्ना शहराजवळ मिठागरं आहेत, असं एका आगरी मुलीने पेपरात लिहिलं. क्रमिक पुस्तकात तसं नव्हतं, म्हणून मी लाल फुली मारली आणि तिला वर्गात उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मिठाने टाचा फुटलेले ते दारातूनच म्हणाले, "मास्तर, लढाईत मी तिथं व्हतो. मिठागर हाय. आपल्यावानीच फळीनं मीठ वढतात." मी विचारलं, "तुम्ही तिथे बंदूक धरायला गेला होतात की फळी?" सगळा वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांना पाहून उभ्या राहिलेल्या लेकीला म्हणाले, "मास्तरांना जास्त म्हाईत, बाय. बस खाली." आणि निघून गेले. त्याच आठवड्यात वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात मला रावेन्नाच्या दक्षिणेची ती मिठागरं सापडली, शेकडो वर्षं जुनी. मी ग्रंथ मिटला. वर्गात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. अर्ध्या गुणाचा तर प्रश्न होता. आता मिठाची बरणी भरायला मी सुनेलाच सांगतो.