मुलीच्या नावाचा फॉन्ट

चाकणच्या कंपन्यांमध्ये उत्कृष्ट कामगाराला प्रमाणपत्र देतात. त्यावरची नावं बरीच वर्षं मी लिहायचे. तिरक्या टोकाचा टाक, काळी शाई आणि वेलांटी अशी की बघणाऱ्याची नजर तिच्यामागे फिरून यावी. रहाटणीत आमच्याच गल्लीतला फ्लेक्सवाला एकदा म्हणाला, "ताई, सगळी बाराखडी लिवून द्या, जोडाक्षरांसकट. कॉम्प्युटरवर ठेवतो, तुमचा तरास वाचंल." माझा त्रास वाचावा असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. मी भाळले आणि दिली लिहून.

त्यानं त्या अक्षरांचा फॉन्ट केला, त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं आणि 'मीच काढला' म्हणून विकायला लागला. पिंपरीपासून महाळुंग्यापर्यंत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, लग्नपत्रिकांवर, कंपन्यांतल्या खंडेनवमीच्या बॅनरवर माझीच अक्षरं. प्रमाणपत्रंही त्यातच छापायला लागले, मला कोण बोलावतंय. जाब विचारला तर म्हणाला, "अक्षरं काय कुनाच्या मालकीची असत्यात व्हय?" त्या दिवसापासून त्याचं वाटोळं व्हावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. वाऱ्यानं त्याचा एखादा फ्लेक्स फाटला तरी माझा दिवस चांगला जायचा.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती एकटीच माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, बाबांचा फॉन्ट तर सगळ्यांच्याच पत्रिकेत असतो. मला हातानं लिहिलेली हवी. बाबांचा हात आता थरथरतो म्हणे, म्हणून तुमच्याकडे आले. त्यांना सांगू नका, अचानक दाखवायचीय."

हात थरथरतो म्हणे. मी टाक शाईत बुडवला आणि तिच्यासमोर तिचं नाव लिहिलं. तीच वेलांटी, तेच वळण, लहानपणापासून बापाच्या दुकानावर ती बघत आली होती ते. ती ओल्या शाईकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे. मग मी सगळं सांगितलं, काही म्हणता काही गाळलं नाही. पोरगी साधी होती, तिचा काहीच दोष नव्हता. पण माझं तोंड थांबेना, आणि मला ते थांबवायचंही नव्हतं. ती पत्रिकेचं न ठरवताच उठून गेली.

पत्रिका आली ती साध्या, वर्तमानपत्रासारख्या टाइपात. लग्न आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. फ्लेक्सवाला दारात फेटा बांधून उभा, आणि येणारा जाणारा त्याला विचारत होता, "काय राव, पोरीच्या नावाचा फॉन्ट, आन् पोरीच्याच पत्रिकेत न्हाई?" तो हसून वेळ मारून नेत होता. मी हात जोडले आणि व्याह्यांच्या देखत तेच विचारलं, जरा मोठ्यानं.

त्याचं हसू गेलं. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, पोरगी बोलत न्हाई माझ्याशी."

मीही बोलले नाही. आत जाऊन पोटभर जेवले.