पंखावरचं कुंकू

कोल्हापुरात विमानाला बर्फापासून वाचवणारी यंत्रणा बसवतोय, असं सांगितलं की लोक हसायचे. उजळाईवाडीच्या विमानतळाबाहेरचा चहावाला तर मला लांबून बघूनच ओरडायचा, "पावणं, इमानातनं बर्फाचा गोळा इकणार हाईसा व्हय?" पहिल्या दिवशी मीही हसलो. आठवडाभर तेच ऐकल्यावर डोकं फिरलं. कोल्हापुरात बर्फ पडत नाही हे मला कळतं की! पण विमान काही कोल्हापुरात नुसतं उभं करून ठेवायला घेतलेलं नव्हतं.

विमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचं. एका इंजिनाचं, चार माणसं बसतील एवढं. चालवायची त्यांची मुलगी. आदल्या हिवाळ्यात डेहराडूनला जाताना ती ढगात शिरली आणि बघता बघता समोरची काच पांढरी झाली. पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ चढला, विमान जड होऊन खाली यायला लागलं. खालच्या उबदार हवेत बर्फ सुटला म्हणून पोरगी वाचली. घरी तिनं आईला एवढंच सांगितलं, की वर फार थंडी होती.

मी विमानांच्या देखभालीचा इंजिनियर. बेंगळुरूहून आलेल्या दोन तंत्रज्ञांना बरोबर घेऊन मी हे काम केलं. पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडेवर टायटॅनियमचे पत्रे चिकटवायचे असतात. त्या पत्र्यांना केसाहून बारीक अशी हजारो भोकं असतात. पंप सुरू केला की त्यांतून न गोठणारा द्रव पाझरतो आणि कपाळाला घाम यावा तसा सगळा पंख ओला होतो. मग त्याच्यावर बर्फ धरत नाही. पण भोकं बुजली की तेवढी जागा कोरडी राहते, आणि बर्फ नेमका तिथंच बसतो. म्हणून त्या पत्र्यांवर मी कुणाला बोट टेकवू दिलं नाही. चाचणीत दोन्ही पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले झाले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शिरोलीत एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही, तर विमान कसं राहील? वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, ताट घेऊन हँगरमध्ये आल्या. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, इथपर्यंत ठीक होतं. पण गुळगुळीत पत्र्यावर टिकावं म्हणून त्यांनी कुंकू तेलात कालवून आणलं होतं. डाव्या पंखाच्या कडेवर स्वस्तिक काढलं, उजव्या पंखावर काढलं, आणि शेजारी पाचही बोटं उमटवली. मी तीन हातांवर उभा होतो. वहिनी डोळे मिटून लेकीसाठी काहीतरी पुटपुटत होत्या. मी हात जोडले. नंतर हलक्या हातानं पुसून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

मी जेवून परत येईपर्यंत फाउंड्रीच्या माणसांनी ते चोळून चोळून पुसलं होतं. फोटोत चमक यावी म्हणून वर गाडीचं पॉलिश मारलं होतं. मी इतका ओरडलो की पहारेकरी धावत आला. "एवढं काय झालं, सायेब? सोच्च तर केलंय की," त्यांच्यातला एकजण म्हणाला. स्वच्छ! माझ्या डोळ्यांसमोर लाल तेल आणि पॉलिशचं मेण त्या भोकांत ठासून भरलं होतं, आणि हा मला स्वच्छ म्हणून सांगत होता.

पंप चालू केला. दोन्ही पंखांवर तळहाताएवढे कोरडे डाग राहिले. यंत्रणेच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रत्येक द्रवानं मी आठ दिवस ते धुतले, पण डाग हलले नाहीत. पत्रे बदलायचे म्हणजे ते परदेशातून येणार, तोवर हिवाळा संपणार. आणि मुलगी दोन दिवसांनी पुन्हा डेहराडूनला निघणार होती.

मालक कागद घेऊन आले. "यंत्रणा चालू हाय म्हणून सही करा. देवाचं समदं केलंय, काय हुत न्हाय."

"मालक, देवाचं केलंय म्हणूनच झालंय हे!" मी ओरडलो. मग जे तोंडाला आलं ते बोललो. पुसणाऱ्यांना शिव्या दिल्या, फोटोच्या हौसेला दिल्या, नुसती सही मागणाऱ्या पैसेवाल्यांनाही सोडलं नाही. इथं कुणाला अक्कलच नाही, असंही म्हणालो. मालक लालबुंद होऊन निघून गेले.

मुलगी मागंच उभी होती. तिनं कोरड्या डागावर बोट ठेवलं.

"काका, आईनं कुंकू लावलं तेव्हा तुम्ही इथंच होता की."

"होतो."

"मग बोलला का न्हाईसा?"

"वहिनींना कसं थांबवायचं?" मी म्हणालो. "पूजा करत होत्या. बरं दिसलं नसतं."

तिनं डागावरचं बोट उचललं.

"वर मी एकटी असते, काका," ती म्हणाली.