शिखररावांचा दुखरा पाय

आमच्या भागात शिखर म्हणावं असं एकही नाही. नदीने कापलेली एक लांबलचक घळ आहे आणि घळीच्या डोक्यावर पाटासारखं सपाट पठार. तरी त्यांना सगळे शिखरराव म्हणायचे. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. गावाला काय, फुकटात मिळालेलं नाव कोण नाकारतो?

धंद्याने ते कवळ्या करणारे. दंतवैद्य रुग्णांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचा आणि हे त्यावर दात बसवायचे. त्यांची कामाची खोली माझ्या खोलीला लागून, मधली भिंत पातळ. दिवसभर घासायच्या चाकाची घरघर मला ऐकू यायची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे बोळके जबडे ओळीने मांडलेले, सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. काम चोख होतं, ते नाकारून चालणार नाही. त्यांच्या कवळीने म्हातारी माणसं कडक बिस्किटं कडाकडा खायची. एवढ्यावर एखादा माणूस सुखी झाला असता. पण चार लोकांनी मान वर करून आपल्याकडे बघावं ही हौस कवळ्यांनी कशी भागणार?

म्हणून उरलेल्या प्लास्टरची त्यांनी घळ बनवली होती. टेबलाच्या मधोमध घळ, वर पठार, नदीच्या जागी निळा रंग. कडे अगदी दाढांसारखे दिसायचे, कारण हाताला सवयच ती. कवळी बसवून बघायला आलेल्या माणसाच्या तोंडात ती कोंबली की हे पटाशीने दाखवायला लागायचे, “हा डोह. इथे पाऊल चुकलं की संपलं. इथून उभी चढण. आणि हे पठार, इथे वारा माणसाला उचलून नेतो.” तोंड भरलेला माणूस उलट प्रश्न विचारू शकत नाही. शिखररावांची निम्मी कीर्ती या सोयीवर उभी होती.

उरलेली निम्मी आमच्या भटक्या मंडळाने उभी केली. ते मंडळाचे अध्यक्ष. सुट्टीच्या दिवशी सगळे घळीच्या तोंडाशी जमलो की गळ्यात शिट्टी अडकवून ते पिशवीचे पट्टे कसे बांधावेत यावर भाषण द्यायचे, मग म्हणायचे, “तुम्ही व्हा पुढे. शेवटच्या माणसाची काळजी घ्यायला मागे कुणीतरी जाणतं हवं.” आम्ही घामाघूम होऊन पठारावर पोचावं, तर हे तिथे आधीच हजर. थर्मासमधला चहा पीत, घड्याळ बघत म्हणायचे, “उशीर केलात.” त्यांना एखादी चोरवाट ठाऊक आहे असं मंडळात मोठ्या आदराने बोललं जायचं. चोरवाट म्हणजे डांबरी रस्ता, आणि त्यावरून जाणारी भाड्याची जीप. हे कळायला फार अक्कल लागत नव्हती, पण तेवढीही कुणी खर्च केली नाही.

वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाल्या, “सगळ्यांच्या घरचे मोजे चिखलाने भरून येतात. आमचे जातात तसेच परत येतात. धुवायचा त्रास नाही, तेवढं बरं आहे.”

पुढे मंडळाच्या चिटणिसाच्या डोक्यात आलं की घळीच्या वाटेला शिखररावांचं नाव द्यायचं. वाट जिथे पठारावर निघते तिथे कोरलेला दगड बसवायचा. चिटणीस हा औषधांचा दुकानदार. दुसऱ्याच्या सत्कारात आपला फोटो यावा एवढीच त्याची माफक इच्छा असायची. सभेत टाळ्या झाल्या. तेवढ्यात कोपऱ्यातला बेकरीवाला उठला. अंगाने धिप्पाड, मनाने सरळ. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो म्हणाला, “मग या वेळी तुम्ही सगळ्यांच्या पुढे चाला. तुमची वाट तुम्हीच दाखवायची.”

शिखरराव हसले, पण ते हसू कवळीसारखं, आतून न आलेलं. आठवडाभर भिंतीपलीकडून मला निरनिराळ्या सबबी ऐकू येत होत्या. सर्दी झाली, काम तुंबलं, दंतवैद्य रागावेल. शेवटी वहिनींचा आवाज आला, “अहो, जा की. घरचीच वाट तुमची.”

गेले. नवे बूट, नवी काठी. घळीत गारवा होता, दोन्ही बाजूंना ओले कडे, मधून नदी खडकातल्या रांजणखळग्यांत गरगरत चाललेली. वाट दाखवायला ठिकठिकाणी खडकावर पिवळे बाण रंगवलेले आहेत. पहिल्याच बाणाकडे बघून शिखरराव म्हणाले, “हे नवशिक्यांसाठी.” पुढे एक ओढा नदीला मिळतो. तिथे बाण उजवीकडे, कड्याला धरून जाणाऱ्या अरुंद कपारीकडे जातो. धरायला साखळी ठोकलेली आहे, खाली डोह. शिखररावांनी कपारीकडे पाहिलं, खाली डोहाकडे पाहिलं आणि ठामपणे डावीकडे ओढ्यात शिरले.

“बाण तर तिकडे आहे,” बेकरीवाला म्हणाला.

“बाण कुणी काढला, तू की मी?”

दोघांनीही काढला नव्हता. पण आवाज चढला की आमच्या मंडळाला ते ज्ञान वाटतं. मेंढरांसारखे सगळे मागे गेलो. गुडघाभर पाण्यातून, काट्यांतून बरंच चालल्यावर समोर सरळसोट भिंत उभी राहिली. पुढे वाटच नव्हती. सगळे शिखररावांकडे बघायला लागले, तसे ते एका दगडावर बसले आणि डावा पाय हातात धरला.

“पाय गेला,” ते म्हणाले.

बेकरीवाल्याने गुडघ्यावर बसून बूट काढला. पाय गोरापान, ना सूज ना ओरखडा. “कुठे दुखतंय?”

“आतून.”

आता आतल्या दुखण्याला कोण काय बोलणार! काठ्यांमध्ये जॅकेटं ओवून झोळी केली, चौघांनी उचलली. पुढचं टोक बेकरीवाल्याकडे, कारण ताकद त्याची. ओढ्यातून परत फिरलो आणि त्या नवशिक्यांच्या बाणांमागून निघालो. झोळीत पडल्या पडल्या शिखररावांना कंठ फुटला. “हळू! डावीकडे झुका! दमानं!” चिटणीस गहिवरून म्हणाला, “बघा, या अवस्थेतही वाट दाखवतायत.”

कपारीवर बेकरीवाल्याचा पाय निसटला. झोळी सोडली असती तर तो सहज सावरला असता. त्याने सोडली नाही. सगळं वजन त्याच्या पाठीवर आलं आणि तो “आई गं” म्हणाला. एवढंच. पुन्हा चालायला लागला, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

वर पठारावर जीपने आलेली मंडळी थांबली होती, वहिनीही होत्या. चिटणिसाने लगबगीने पिशवीतून पट्टी काढून शिखररावांच्या पायाला गुंडाळली. मग पडल्या पडल्याच त्यांनी दगडावरचं कापड ओढलं. टाळ्या, फोटो. वहिनी जवळ आल्या, वाकल्या.

“कोणता पाय दुखावला?”

“हा,” म्हणून त्यांनी डावा दाखवला.

“मग पट्टी उजव्याला का?”

“चिटणिसाची घाई,” शिखरराव म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

पेपरात बातमी आली: जखमी पायाने घळ पार. पार केली ती चौघांच्या आठ पायांनी, पण ते छापायला जागा उरली नसावी. कौतुक एवढं झालं की आता पाय बरा होणं परवडण्यासारखं नव्हतं. शिखररावांनी पितळी मुठीची काठी घेतली आणि लंगडायला लागले. रस्त्यात लंगडायचे, दुकानात लंगडायचे. घरात मात्र खडखडीत चालायचे, मला पातळ भिंतीतून पावलं ऐकू यायची. कधी डावा, कधी उजवा, लंगडायच्या पायाची अदलाबदलही होई. पण मंडळाच्या नजरेला तेवढा बारकावा कुठला!

बेकरीवाल्याची पाठ मात्र खरोखर गेली. पिठाचं पोतं उचलणं बंद, कणीक तिंबणं बंद. भट्टीचं सगळं त्याच्या विधवा बहिणीवर आलं आणि तो गल्ल्यामागे एका कुशीवर कलून बसायला लागला. मंडळातलं कुणी त्याला भेटायला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. शिखरराव गेले, पाव आणायला. मी आणि वहिनी मागेच होतो. काठी आपटत ते त्याला म्हणाले, “पाठीचं काय एवढं? व्यायाम केला की मोकळी होते. पायाचं तसं नसतं बाबा.”

बेकरीवाल्याने पाव बांधून दिला. वहिनींनी तो घेतला नाही. त्या सरळ आत, भट्टीकडे गेल्या आणि त्याच्या बहिणीशी बराच वेळ बोलत बसल्या.

पुढच्या सुट्टीला दोघी भट्टी विझवून पहाटेच निघाल्या. पायात साधे कापडी बूट, पिशवीत पाव आणि पाणी. रात्री पठारावरच्या गुराख्यांच्या खोपटात राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. मी तेव्हा शिखररावांकडे आईची कवळी न्यायला गेलो होतो.

“कुठे होतीस?” ते गरजले.

“घळीतून वर गेलो, पठारावरून पलीकडे उतरलो.”

“वेड लागलंय का? वाट माहीत नाही, काही नाही...”

“बाण आहेत की. एक संपला की पुढचा दिसतो.” वहिनी पायरीवर बसून चिखलाने लडबडलेले मोजे सोलायला लागल्या. “मी म्हटलं, काय भयंकर असेल! सोपी आहे हो वाट. कपारीवर जरा जपून पाऊल टाकावं लागतं, पण साखळी आहे धरायला.”

चाक फिरत राहिलं. शिखररावांनी हातातला दात उजेडात धरून पाहिला, फुंकर मारली.

“आता सोपी आहे,” ते म्हणाले. “केली कुणी?”

वहिनी मोजे हातात घेऊन उठल्या. मग इतक्या मोठ्याने हसल्या की टेबलावरचे जबडे थरथरले. शिखररावांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या हातात कवळी ठेवून ते म्हणाले, “बायकांना चार पावलं चालवलं की असं होतं.”

महिनाभरात मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता, बायका आणि डोंगर. पाय स्टुलावर ठेवून, खुर्चीत रेलून ते बोलले. बायकांना धीर कसा द्यावा, पहिलं पाऊल कसं टाकायला लावावं, माझ्या घरचंच उदाहरण घ्या वगैरे. सभागृह तुडुंब भरलं होतं. चिटणिसाने हार घातला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वहिनी आल्या नव्हत्या. त्या आणि बेकरीवाल्याची बहीण त्या दिवशी पठारावर होत्या.