हप्ता भरताना केलेला हिशेब

हुबळी-धारवाडच्या बायपासचं रुंदीकरण झालं तेव्हा सगळ्यांत मोठा सुटकेचा निःश्वास मी सोडला असेल. दोनपदरी असताना समोरून ट्रक आला की मी गाडी पार कडेला मातीत उतरवायचे. आता अपघात कमी झाले, असं मी शिकवते त्या कॉलेजातले सहकारीही म्हणत होते. म्हणून त्या वर्षी गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला तेव्हा मी आणि नवरा दोघंही चक्रावलो. हप्ता मागच्या वर्षीपेक्षा जास्त होता.

"गाडीला एक ओरखडा नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. मग हा हप्ता का चढतो?" त्यानं विचारलं. तो तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. कारण कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग काढून टाकू. दुसऱ्याला इजा झाली तर लागतो तो कायद्याचा विमा तेवढा ठेवू."

मी नको म्हणाले. मला कारण सांगता येईना, नुसती भीती वाटत होती. शेवटी तो कुरकुरत पूर्ण विमा भरून मोकळा झाला.

पुढे काही महिन्यांनी, सकाळी धारवाडला कॉलेजला निघाले होते. हुबळीतल्या उणकलच्या आमच्या वसाहतीतून मुख्य रस्त्याकडे येताना डावीकडच्या बोळातून एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून एकदम समोर आले. मी ब्रेक दाबला. गाडीच्या कोपऱ्यावर काहीतरी आदळलं. फार मोठा आवाज नव्हता. खाली उतरले तर ते एका कुशीवर पडलेले, डोळे मिटलेले.

लोक जमले. "कोण चालवत होतं?" कुणीतरी विचारलं. मी हात वर केला, वर्गात हजेरी द्यावी तसा. एका बाईनं म्हाताऱ्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं, त्यांनी डोळे उघडले. आम्ही त्यांना रिक्षात घातलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटभर ते "अक्का, माझ्या मुलीला सांगू नका, ती घाबरते," एवढंच म्हणत राहिले.

दवाखान्यात कळलं, मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांची मुलगी धावत आली. "अप्पांना कुणी आणलं?"

"मी."

"गाडी कुणाची होती?"

"माझीच."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "ते चालतील ना?"

पोलिसांत जबाब झाला. घरी फोन वाजला की वाटायचं, दवाखान्यातूनच असणार. झोपेत पाय ब्रेक दाबायला हलायचा.

गाडी वर्कशॉपमध्ये होती. मला वाटलं होतं, बंपरला चीर गेली आहे, तेवढा भाग बदलतील. नुकसान तपासायला विमा कंपनीनं नेमलेला सर्व्हेयर आला. मध्यमवयीन, शांत माणूस. त्यानं बंपर सोडवायला लावला आणि आतली वायरींची जाळी दाखवली. "सेन्सर गेलाय, मॅडम. दिवा धरून ठेवणारा एक कान तुटलाय, पण अख्खा दिवाच बदलावा लागतो. मग सगळं पुन्हा जुळवायला वेगळं मशीन. पूर्वी पत्रा ठोकून रंग मारला की गाडी बाहेर."

सोबत आलेल्या नवऱ्याच्या डोक्यात तोच प्रश्न अजून घोळत होता. "अपघात कमी झाले म्हणतात. मग हप्ते का उतरत नाहीत?"

"कमी झाले असतील. पण जो होतो तो महाग पडतो," सर्व्हेयर म्हणाला. "पार्ट महाग, मजुरी महाग, दवाखाना महाग. रस्ता रुंद झाला की वेगही वाढतो. पूर्वी घासायचं ते आता धडकतं. आणि दुसऱ्याच्या इजेचा हप्ता सरकार ठरवतं. तुम्ही किती सांभाळून चालवता, ते त्यात बघत नाहीत. त्या भरपाईचे निकाल कोर्टात कैक वर्षांनी लागतात. त्या रकमेची तयारी आजच्या हप्त्यांतून करून ठेवावी लागते."

नवऱ्यानं मान डोलावली. त्याला त्याचं कारण मिळालं होतं. माझ्या मनात मात्र त्यातला एकच शब्द घर करून बसला. तयारी. म्हणजे कुठेतरी कुणीतरी असं धरून चाललं होतं की कुणाचं तरी हाड मोडणार आहे. त्या वर्षी ते या म्हाताऱ्यांचं मोडलं, आणि ते मोडणारी गाडी माझी होती.

म्हाताऱ्यांचा भरपाईचा दावा कोर्टात गेला. पहिल्या तारखेला धारवाडला मी नवऱ्याबरोबर बसनं गेले. म्हातारे वॉकर टेकत आले, मुलगी मागे. माझ्याच बाकावर बसले.

"अक्का, अजून गाडी चालवता?" त्यांनी विचारलं.

"बसले होते एकदा. गेटपर्यंत जाऊन परत लावली."

"मीही स्कूटर विकली," ते म्हणाले. "बोळाच्या तोंडाशी आलो की पाय उचलतच नाही. पायी जातानासुद्धा."

मुलीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांना दिली, मग थोडं थांबून माझ्यापुढे धरली. आमच्या दाव्याचा पुकारा व्हायची वाट बघत आम्ही चौघं तिथं बसून राहिलो. दावा अजून चालू आहे.