अर्जुनाची बशी आधी

आमच्या अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला आतून काळा कागद डकवलेला होता. उजेडाला तिथं मज्जाव होता, वासाला नव्हता. त्यामुळे हेमंत लागला, की विद्यापीठाच्या माळापलीकडच्या गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा तो गोड, किंचित करपट गंध कागदाच्या फटींतून आत शिरायचा आणि स्पिरिटच्या, उबवलेल्या अंड्यांच्या वासात मिसळून जायचा. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं मला आजही आधी नाकानंच आठवतात. मग डोळ्यांना दिसते ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मी, वय सत्तावीस, अंगात रग भरपूर. आणि भिंगाखाली, कोंबडीच्या गर्भातल्या इवल्या हृदयातून सुट्या केलेल्या पेशी. आपल्याला हृदयापासून तोडलंय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, म्हणून त्या धडधडतच होत्या.

पहिल्या दिवशी प्रत्येकीचा ठेका निराळा असे. दोनतीन दिवसांत त्या पसरत, एकमेकींना टेकत, आणि टेकल्या की कुणीही न सांगता एका लयीत धडधडू लागत. किती वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नसे. ज्या प्राणवायूवर या पेशी जगतात, तोच त्यांना आतून गंजवतही असतो, आणि हा गंज, हा ऑक्सिडीकरणाचा ताण, प्रमाणाबाहेर वाढला की हृदय थकत जातं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पेशींना एक रंगहीन द्रव्य पाजायचं. आत शिरून ते ताणाला भेटलं, की निळ्या झोतात हिरवं उजळतं. ताण जितका जास्त, तितका हिरवा उजेड जास्त. जित्याजागत्या पेशीचं दुखणं असं समोर उजळताना पाहायचं आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं, हे माझं काम होतं, आणि ते माझ्याइतकं नेटकं पश्चिम महाराष्ट्रात कुणी करत नाही असं माझं प्रामाणिक मत होतं.

प्रयोग साधा होता. पेशींच्या दोन बश्या घ्यायच्या, दोघींना सारखाच ताण द्यायचा. पण एकीला त्याआधी, हृदयाला गुणकारी मानल्या जाणाऱ्या अर्जुनसादड्याच्या सालीचा अर्क पाजायचा. दर खेपेस अर्जुनाची बशी शांत, मंद हिरवी दिसे, आणि दुसरी भडकलेली. एकदा, दोनदा नव्हे, तीन वर्षं. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, लेखाचा मसुदासुद्धा तयार करायला घेतला होता.

त्या वर्षांत विजेचा भरवसा नव्हता. भारनियमनाचं वेळापत्रक छापलेलं असे, पण वीज त्याला विचारून जात नसे. आमच्या यंत्राचा पाऱ्याचा दिवा एकदा विझला, की तो निवेपर्यंत अर्धा तास पेटवता येत नसे, आणि तोवर बशीतल्या पेशींचं काही खरं नसे. वीज आहे तोवर मोलाचं काम आधी उरकावं, हा तर तेव्हा गावातल्या घराघरांचा धर्मच होता. आधी पाणी वर चढवायचं, आधी दळण आणायचं, इस्त्री मागाहून. मी तेच करत होते. दोन्ही बश्यांना ते उजळणारं द्रव्य, आमच्या बोलण्यातला ‘रंग’, एकदमच घालून ठेवायची आणि मोलाची म्हणून अर्जुनाची बशी आधी भिंगाखाली न्यायची. यात काही वावगं आहे असं ना मला वाटलं, ना कुणाला.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी या चित्रांचं भारी कौतुक होतं. आबांनी, माझ्या वडिलांनी, तीस वर्षं फौंड्रीत काढलेली; वितळलेल्या लोखंडाच्या नुसत्या रंगावरून ते त्याचा ताव सांगत. रंगावर त्यांचा विश्वास होता. मी नेलेली दोन छायाचित्रं त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि चहाच्या टपरीवर बसणाऱ्या प्रत्येक माणसाला ती दाखवून झाली. त्यांच्या छातीत अधूनमधून कळ यायची. सकाळची वंदना झाली, की अर्जुनाच्या सालीच्या काढ्याचा पेला ते एका दमात रिकामा करत, आणि मी समोर असले तर माझ्याकडे बघून मिशीत हसत. मलाही बरं वाटे. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटे.

त्या पौषात जिना चढताना ते मध्येच खाली बसले. दवाखान्यात नेलं, अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, तीन ठिकाणी अडथळा आहे, बायपास करायला हवी आणि लवकर करायला हवी, थांबण्यात धोका आहे. आबांनी शांतपणे खिशातून छायाचित्रं काढून डॉक्टरांच्या टेबलावर मांडली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या लेकीनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय. काढा चालू हाय माझा. कापाकापीची गरज न्हाय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. आबांची समजूत मी घालून पाहिली, नाही असं नाही, बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा हेही सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या आत कुठंतरी अभिमानाची एक उकळी येऊन गेली होती, आणि तिच्यामुळे माझ्या शब्दांना जोर नव्हता. आबांना ते बरोबर कळलं. आम्ही घरी परतलो.

मी दवाखान्यात अडकले होते त्या दोन दिवसांत माझ्या बश्या वाया जाऊ नयेत म्हणून सुमननं चित्रं घेऊन ठेवली होती. सुमन नेसरीची, माझ्या मागून दोन वर्षांनी प्रयोगशाळेत आलेली, बोलायला फटकळ आणि हाताला स्वच्छ. तिची चित्रं पाहिली आणि माझं टाळकंच सरकलं. अर्जुनाची बशी भडकलेली, दुसरी मंद. आपला तो बाब्या, तशी माझी ती चित्रं खरी आणि सुमनची तेवढी खोटी. मी तिला नाही नाही ते बोलले, बश्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस म्हणाले.

"चिठ्ठ्या बदलल्या न्हाईत मी," ती म्हणाली. "साधी बशी जवळ हुती, ती आधी घेतली. तुझी मागनं. पायजे तर करून बघ की."

मी तणतणतच बसले. या खेपेस मुद्दाम दोन्ही बश्या अगदी सारख्या घेतल्या. अर्जुन कशातच नाही. दोघींना एकदम रंग घातला, एक आधी पाहिली, एक नंतर. पहिली मंद निघाली आणि दुसरी पेटलेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो रंग नुसता थांबूनही उजळत होता, खोलीतल्या चोरट्या उजेडानं उजळत होता. जी बशी वाट पाहत बसे, ती हिरवी होई. अर्जुनाच्या सालीत गुण नाही असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या चित्रांनी तो दाखवला नव्हता, एवढं मात्र नक्की.

सरांना सांगितलं. त्यांनी मसुद्याची फाईल मिटली आणि म्हणाले, आपलं आपल्यालाच कळलं, हे बरं झालं. सुमनची माफी मागितली. तिनं चहा मागितला. ही दोन्ही कामं त्या मानानं सोपी होती. घरी मात्र मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. आबा सकाळी पेला रिकामा करत आणि माझ्याकडे बघून हसत, आणि मी चप्पल पायात सरकवून बाहेर पडे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ते खलबत्त्यात साल कुटत होते. तिरपं पिवळं ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं, आणि दर दोन घावांनंतर ते थांबून श्वास घेत होते. ते थांबणं मला पाहवेना.

"आबा, ते फोटो चुकलेत," मी म्हणाले. "माझी चूक हाय."

मग सगळं सांगितलं. दिवा, वीज, आधीची बशी, नंतरची बशी. सांगून झाल्यावर खिशातली चित्रं काढून त्यांनी ती उन्हात धरून पाहिली.

"म्हंजे जिला थांबाय लागलं, ती पेटली."

"व्हय. तुम्ही या फोटोंवर विसंबून राहू नका. ऑपरेशन करून घ्या."

त्यांनी बत्ता खलात आडवा ठेवला. मला वाटलं, आता मला बोलतील. आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

"फोटोचं काय," ते म्हणाले. "ते निमित्त हुतं गं. छाती उघडत्यात म्हणं. मला भ्या वाटतंय."

तीस वर्षं लोखंडाच्या धगधगत्या रसापुढं उभा राहिलेला हा माणूस. चुकले म्हणायला मला दोन दिवस लागले होते. भ्यालो म्हणायला त्यांना बहुधा सगळं आयुष्य लागलं असेल, आणि माझी चित्रं खिशात असती तर याही खेपेस ते राहूनच गेलं असतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मलाबी," मी म्हणाले.

आमच्या घरात हे आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं. आबांनी खल बाजूला सारला. मग ऊन भिंतीवरून उतरून जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, दवाखान्यात त्यांच्याजवळ रात्री कुणी थांबायचं, डबा कुणी पोचवायचा, असलं काहीबाही ठरवत.