नाताळचा कंदील

२२ डिसेंबर. फार दिवस इथं काही लिहिलं नाही, माफ करा. आज मात्र राहवत नाही.

आमच्या अपार्टमेंटच्या गेटवर दिवाळीत चांदणीचा कंदील लागतो, यंदा तो अजून उतरवलेला नाही. तोच नाताळपर्यंत राहू द्या, अशी शेजारच्या सुनंदाताईंनी सकाळी विनंती केली. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर त्यांचं एकच.

सेक्रेटरी पाटीलकाका म्हणाले, "दिवाळीचा कंदील ह्यांच्या सणाला कशाला?"

मी ताईंची बाजू घ्यायला गेले. "काका, सण एकमेकांकडून घेतच वाढतात. बायबलात पंचवीस डिसेंबर कुठंच नाही. त्या दिवसांत रोममध्ये आधीपासून हिवाळ्याचे उत्सव होते. घरात हिरव्या फांद्या लावणंही तेव्हाचंच."

काका खूश झाले. "म्हंजी सगळं उसनंच व्हय! मग ह्यांचा स्वतःचा सण हाय कुठं?"

गेटपाशी जमलेले सगळे हसले.

ताईंनी खुर्चीवर चढून स्वतःच कंदील उतरवला आणि काकांच्या हातात दिला. जिन्यात मला म्हणाल्या, "वहिनी, आमच्या नाताळच्या करंज्या पण तुमच्याच निघतील. यंदा करू का नको?"

मी बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच जास्त छळतंय. तुम्ही काय बोलला असता?

उद्या: करंज्या भरायला सुनंदाताईंकडे जायचं, त्यांनी दार उघडलं तर.