मागच्या ताईंचं एकटीचं गाणं

स्टुडिओत त्यांना सगळे मागची ताई म्हणत. एकवीस वर्षं त्या मुख्य गायकाच्या मागे कोरसमध्ये उभ्या होत्या, आणि ‘हो हो’, ‘ना ना’ म्हणण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं स्वतःच सांगून हसत. हल्लीची गाणी तर सगळी एकाच वळणाची. जगाचं ऐकू नकोस, आतला आवाज ऐक, एकटा चाल. पुढचा गायक छाती काढून सांगे की मला कुणाची गरज नाही, की मागून सहा जण एका सुरात म्हणत, ‘गरज नाही, गरज नाही.’ त्या सहांत सर्वांत ठाम आवाज ताईंचा. घरी मात्र मोठ्या जाऊबाईंनी चाखल्याशिवाय भाजीतलं मीठ बरोबर की कमी, हेही त्यांना ठरवता येत नसे.

पन्नाशीला टेकल्यावर एका संगीतकारानं त्यांना एकटीचं गाणं दिलं. ‘माझी वाट मीच काढीन’ ही पहिली ओळ. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या मुलीकडून गाऊन घेईन, हेही त्यानं गोड बोलून सांगितलं. पुन्हा कुणी विचारणार नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

वाद्यं वाजली, जागा आली, आणि ताई गप्प. पुढच्यानं ओळ टाकायची, मग आपण उचलायची, ही एकवीस वर्षांची सवय. पुढे तर कुणीच नव्हतं. आठ वेळा त्या उशिरा सुरू झाल्या. रेकॉर्डिस्टनं त्यांचा आवाज संगणकावर पुढे सरकवूनही पाहिला, पण ऐकताना बाई कुणाला तरी होकार देतायत असंच वाटे.

शेवटी स्वावलंबनाचं गाणं गाण्यासाठी ताईंनी जाऊबाईंना फोन केला. शाळेच्या कचेरीतून अर्धी रजा टाकून त्या धावत आल्या. ठरलं असं, की शेजारच्या खोलीतून जाऊबाईंनी आधी ओळ म्हणायची, ताईंनी ती कानात ऐकून उचलायची, आणि जाऊबाईंचा आवाज मागाहून पुसून टाकायचा. योजना नामी होती. फक्त जाऊबाईंचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा होता.

दोनदा ताईंनी सोसलं. तिसऱ्यांदा कानात जाऊबाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला, आणि तो सूर पुन्हा कानी पडू नये म्हणून ताईंनीच घाईनं तोंड उघडलं. अगदी नेमक्या जागी. तिथून त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत.

गाणं चाललं. तुमच्यामुळे एकटं उभं राहायला शिकलो, असं लोक लिहू लागले. ताई ते जाऊबाईंना वाचून दाखवत आणि हसून हसून डोळे पुसत. एकदा जाऊबाई हसल्या नाहीत. चादरीची घडी घालता घालता म्हणाल्या, “त्या दिवशी तिसऱ्यांदाही मी तोंड उघडलं होतं गं. तेवढी ओळ तरी पुरी म्हणू द्यायचीस.”

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. “म्हणा ना आता.”

जाऊबाईंनी ओळ म्हटली, तितकीच बेसूर, पण सावकाश आणि पुरी. ती संपेपर्यंत ताई थांबल्या, आणि मग मागून म्हणाल्या, “मीच काढीन.”